रिकाम्या पाटाचं गाणं

मित्रांनो, आजचे कॅमेरे तुमच्या खिशात मावतात. मी तसा नाही. मला खांद्यावर घ्यावं लागायचं, आणि माझ्या पोटात पुस्तकाएवढी कॅसेट बसायची. माझा काळा रंग आता ठिकठिकाणी उडाला आहे. वडीगोद्रीला रस्त्यालगत एक फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या वरच्या फळीवर मी असतो. पासपोर्ट फोटो काढायला आलेली माणसं मला बघतात आणि विचारतात, "हे चालतं का?" मालक म्हणतात, "चाललं तेवढं बस झालं."

मी किती चाललो आणि काय पाहिलं, ते तुम्हाला सांगतो.

परदेशातल्या एका कारखान्यात मला जोडलं. तिथे माझ्यासमोर रंगांची एक पट्टी धरली. लाल लाल दिसतो का, पिवळा पिवळा दिसतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. तपासून झाल्यावर खोक्यात घातलं. पुढे औरंगाबादच्या एका दुकानात मी काही वर्षं काम केलं, आणि तिथून १९९१ साली रायभान मालकांनी मला वडीगोद्रीला आणलं. मालकांच्या घरी मेंढरं होती. त्यांच्या वडिलांनी मला खाटेवर ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"खांद्यावर कोकरू घ्यायचं सोडून हे काय घेऊन आला? ह्याला चारा काय लागतो?"

"कॅसेट लागते, बाबा."

"रोज?"

"लग्नाच्या दिवशी."

"मंग बरं हाये. वर्साचे आठ महिने उपाशी राहील."

मालकांच्या बायकोचं नाव आसराबाई. तिनं जुन्या गोधडीचे तुकडे जोडून मला एक कव्हर शिवलं. लेन्सच्या जागी तिनं आतून मऊ धोतराचं कापड लावलं होतं.

लग्नाच्या कॅसेटीचे नियम तेव्हा ठरलेले होते. ते कोणी लिहून दिलेले नव्हते, पण जालना जिल्ह्यातल्या सगळ्या शूटिंगवाल्यांना पाठ होते. सुरुवातीला गणपती. मग नवरीचं तोंड गुलाबाच्या फुलातून वर यायचं आणि नवरदेवाचं बदामाच्या आकारातून. पंगतीत पुढारी आधी, पाहुणे नंतर, वाढपी कधीच नाही. कॅसेट जालन्याला मिक्सिंगला गेली की मी टिपलेला सगळा आवाज पुसायचे आणि त्यावर सिनेमाची गाणी चढवायचे. मांडवात कोण रडलं, कोण काय बोललं, ते काही राहत नव्हतं. लोकांना तेच आवडायचं. मालकांच्या कामाची तारीफ व्हायची. घनसावंगीपासून अंबडपर्यंत लोक म्हणायचे, रायभानच्या कॅसेटीत फुलं लई.

हळदीच्या कार्यक्रमात मला सगळ्यात जास्त काम असायचं. नवरी पाटावर बसायची, सवाष्णी तिला हळद लावायच्या आणि बायका गाणी म्हणायच्या. ह्या गाण्यांत नावं घालावी लागतात. नवरीचं, नवरदेवाचं, मामाचं, आत्याचं. नाव घातल्याशिवाय हळदीचं गाणं होत नाही. नाव ओळीत बसवणं सगळ्यांना जमत नाही. ते जमायचं साखराबाईला. ती आसराबाईची आई, म्हणजे आमच्या मालकांची सासू. कसलंही अवघड नाव असो, ती एक श्वास घ्यायची आणि ते नाव ओळीत जाऊन बसायचं. तिला नवरीच्या शेजारची जागा ठरलेली होती.

मग तिचा नवरा वारला. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात ती मांडवाच्या बाहेर बसली. तिला कोणी तसं सांगितलं नाही. सांगावं लागत नव्हतं. मांडवाबाहेर जिथं झाड असेल तिथं ती सावलीला बसायची. आत बायका म्हणता म्हणता अडल्या की तिकडं बघायच्या. ती खालच्या आवाजात पुढची ओळ सांगायची आणि आतल्या बायका ती उचलायच्या. मला तिकडं फिरवायचं नाही, हाही एक नियमच होता. कॅसेटीत सवाष्णी दिसल्या पाहिजेत. पण माझ्या माइकाला हे माहीत नव्हतं. लांबून आलेला तिचा आवाज त्यात यायचा, आणि जालन्याला गेल्यावर पुसला जायचा.

एकदा आसराबाई दुकानात बसून तयार झालेली कॅसेट बघत होती. हळदीचा भाग आला.

"आईचं गाणं कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"मिक्सिंगमधी गेलं. लोकांला सिनेमाचं लागतं," मालक म्हणाले.

"लोकांला विचारलं का तुमी?"

"विचारायचं काय त्यात? सगळेच तसं करून राह्यले."

"मंग एकडाव तसं न करून पाहा."

"बघू पुढच्या सीझनला."

"पुढच्या सीझनला तुमी म्हणसाल, आता दोन फुलं आजून टाकू," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

सीझन येत राहिले. सन दोन हजारच्या थंडीत आसराबाईचं डोकं दुखायला लागलं. आधी गावातली गोळी घेतली, मग अंबडला दाखवलं, मग जालन्याला नेलं. तिकडून ती जिवंत परत आली नाही. मालक पुढं बरेच दिवस दुकानाचं शटर अर्धंच उघडायचे. माझं कव्हर एका कोपऱ्यात उसवलं होतं. पलीकडेच शिंप्याचं दुकान होतं. पण मालकांनी ते त्याच्याकडून शिवून घेतलं नाही. उसवलेलंच घालायचे.

पोट आहे तर काम करावं लागतं. उन्हाळ्यात गावातच उषाबाईच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. मालकांनी मला खांद्यावर घेतलं. हळद रंगात आली होती. उषाबाईचे दोन्ही हात हळदीनं भरले होते. ती हसत हसत आली आणि मालकांच्या गालाला हळद लावून गेली.

"रायभान भाऊ, शूटिंगवाल्याला कोरडं ठेवत नसतेत," ती म्हणाली. बायका हसल्या. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. शूटिंगवाल्याला हळद लावायची, ही आमच्याकडे नेहमीची गंमत आहे.

मालक हलले नाहीत. मग त्यांनी मान वळवली तसा मीही वळलो आणि माझ्यासमोर मांडवाबाहेरचं लिंबाचं झाड आलं. झाडाखाली साखराबाई बसली होती. ती जावयाच्या पिवळ्या गालाकडे बघत होती. दोघांचं एकच माणूस गेलं होतं. जावई मांडवात उभा होता आणि सासू मांडवाबाहेर बसली होती. तिनं पदर नीट केला आणि खाली पाहिलं. मालकांनी मला पुन्हा नवरीकडे फिरवलं.

मित्रांनो, पुरुषाची बायको गेली तर ते त्याच्या कपाळावरून कळत नाही. म्हणून त्याला कोणी उठवत नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत हातात मावणारे कॅमेरे आले. माझं चित्र त्यांच्यापुढं फिकं वाटायला लागलं. मालकांचं मनही लग्नात राहिलं नव्हतं. मी फळीवर गेलो. धूळ बसू लागली. आता कोणी मला उचलणार नाही असं मी धरून चाललो होतो.

२००३ सालच्या दिवाळीनंतर तालुक्याच्या कॉलेजातले रामराव सर दोन विद्यार्थ्यांना घेऊन दुकानात आले. जिल्ह्यातल्या कॉलेजांची एक स्पर्धा होती. प्रत्येकानं एका गाण्याची फिल्म करायची होती, तशा फिल्मा तेव्हा सीडीवर मिळायच्या आणि गावोगाव टीव्हीवर चालायच्या. नवे कॅमेरे लग्नसराईत अडकले होते, म्हणून ते माझ्यासाठी आले होते. विद्यार्थ्यांमध्ये एक बेबीनंदा, उषाबाईची धाकटी मुलगी. दुसरा भिवा. भिवाने दुकानातसुद्धा काळा चष्मा काढला नव्हता.

"आधी हा प्रकार कसा असतो ते नीट बघा," सर म्हणाले. "त्यातलं काय ठेवायचं आणि काय मोडायचं ते ठरवा. उगीच पाळायचं नाही आणि उगीच मोडायचंही नाही. जे मोडाल ते का मोडलं, हे परीक्षकांना सांगता आलं पाहिजे."

सर गेल्यावर भिवा मालकांना म्हणाला, "मामा, हा प्रकार एकदम सोपा हाये. पोरगी उसातून पळती. तिच्यामागं सहा पोरी एकाच रंगाच्या साडीत. पोऱ्या मोटारसायकलवर येतो. दर कडव्याला पोरीची साडी बदलती, पोऱ्याचा शर्ट बदलत न्हाई."

"आणि पोऱ्याचा चष्मा?" बेबीनंदानं विचारलं.

"चष्मा कायमचा राहतो."

गाणं आपल्या भागातलं असावं आणि आधी कुठल्या कॅसेटीत आलेलं नसावं, अशी अट होती. बेबीनंदा साखराबाईला लहानपणापासून ओळखत होती. ती टेपरेकॉर्डर घेऊन तिच्या घरी गेली. बरोबर भिवा आणि मालकही होते, मालकांनी मला ओट्यावर ठेवलं होतं. टेपात म्हणायला साखराबाईची काही हरकत नव्हती. टेपात तोंड दिसत नाही.

"नवरी कोण?" तिनं विचारलं.

"माझंच नाव घाला, आजी."

"आन् नवरदेव?"

"माझं घाला," भिवा म्हणाला.

"तुझं घातलं तर हिची माय मला गावात राहू द्यायची न्हाई. मी नुसतं जावाई म्हणते."

गाणं टेपात आलं. दुसऱ्या दिवशी सगळे घनसावंगीच्या रस्त्याला एका उसाच्या फडाजवळ गेले. बेबीनंदा पिवळी साडी नेसली होती. भिवा मोटारसायकल घेऊन आला होता. टेप लावायचा, त्यातलं गाणं ऐकून बेबीनंदानं ओठ हलवायचे आणि मी ते टिपायचं, असं ठरलं होतं. अशा फिल्मांत तसंच करतात. आवाज एकाचा असतो आणि चेहरा दुसऱ्याचा.

पण ते जमेना. साखराबाई कुठं थांबेल, कुठला शब्द लांबवेल, काही ठरलेलं नव्हतं. बेबीनंदाचे ओठ पुढं जायचे किंवा मागं राहायचे.

"तू म्हातारीच्या आधीच तोंड मिटून घेऊन राह्यली," भिवा म्हणाला.

"ती कुठं श्वास घेईल ते मला कसं कळंल?"

"मंग तू श्वासच घेऊ नको."

"तू बस की मोटारसायकलीवर गप."

दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी बेबीनंदा बांधावर बसली. ती म्हणाली, "मामा, गाणं ज्याचं हाये त्यालाच दाखवू. आजीच म्हणतील. मी पाटावर बसते, आजी माझ्याशेजारी बसून म्हणतील. नुसतं म्हणणं. ऊस न्हाई, नाच न्हाई."

"हळदीत सवाष्ण लागते, बाई," मालक म्हणाले. "कॅसेटीचा नियमच हाये."

"सर तेच म्हणून राह्यले ना, मामा. नियम कोणता ते पाहा म्हणून."

मालकांनी मला कव्हरात घातलं. पण संध्याकाळी ते बेबीनंदाबरोबर सासूकडं गेले. साखराबाईनं लगेच नाही म्हटलं.

"लेकराच्या अंगाला हळद, आन् शेजारी मी? लोक काय म्हणतील? मी मागून म्हणते, मला दाखवू नका."

"आजी, सकाळपासून करून राह्यले. मला तुमचं तोंड होता येत न्हाई," बेबीनंदा म्हणाली.

साखराबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग ती जावयाला म्हणाली, "बापू, तुमी असाल ना मशीनीमागं?"

"असन, मामी."

"मंग येते."

बेबीनंदाच्या अंगणात लिंबाचे डहाळे बांधून छोटा मांडव केला. पाट मांडला. वाटीत हळद कालवली. घरातली मोठी माणसं कापूस वेचायला रानात गेली होती. साखराबाई आली, पण मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. बेबीनंदानं तिचा हात धरून तिला आत आणलं आणि स्वतः पाटावर बसली. मी खांद्यावर होतो. भिवा थर्माकोलचा तक्ता घेऊन तोंडांवर उजेड पाडत होता. एवढ्यात उषाबाई रानातून परत आली. तिच्या डोक्यावर कापसाचं गाठोडं होतं. ते तिनं दारातच टाकलं.

"हे काय चाललंय?"

"आई, कॉलेजचं हाये, गाण्याचं..."

"ऊठ. पाटावरून ऊठ आधी." मग ती साखराबाईला म्हणाली, "साखरामावशी, तुमाला तरी कळाय पाह्यजे व्हतं. माझ्या पोरीचं लग्न व्हायचंय आजून."

साखराबाई लगेच उठली. तिला कोणी सांगायच्या आधीच ती मांडवाच्या बाहेर जायला निघाली. तेव्हा मालकांनी मला खाली न ठेवता, डोळा माझ्यापासून बाजूला करून बोलायला सुरुवात केली.

"उषाबाई, मलाबी बायको न्हाई."

उषाबाईनं त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"आसरा गेली, त्याच उन्हाळ्यात तुमच्या थोरलीच्या हळदीत मी होतो. तुमी माझ्या गालाला हळद लावली. आठवतं का?"

"गमतीनं लावल्ती भाऊ."

"व्हय, गमतीनंच. मी काही म्हणलो न्हाई. नंतरबी मी किती हळदीत फिरलो. मला एकानंबी उठवलं न्हाई. तुमची थोरली कशी हाये?"

"बरी हाये. दुसरं लेकरू झालं आत्ता."

"मंग माझ्या येण्यानं तिचं काय बिघडलं?"

"पुरुषाचं येगळं असतंय."

"काय येगळं असतंय, ते मला सांगा. माझी बायको गेली. त्यांची तर लेक गेली."

भिवाने काळा चष्मा काढून खिशात घातला. उषाबाईनं दारातलं गाठोडं उचलून उंबऱ्याजवळ ठेवलं. ती वाईट बाई नव्हती. तिला मुलीची काळजी होती. शेवटी ती म्हणाली, "गाणं म्हणा. मी आडवत न्हाई. पण माझ्या पोरीला पाटावर बसवू नका. आन् तिचं नावबी घालू नका."

बेबीनंदा पाटावरून उठून भिंतीला टेकून उभी राहिली. साखराबाई परत येऊन बसली. तिच्यासमोर आता रिकामा पाट होता.

"नवरीच न्हाई, मंग गाणं कोणाचं?" भिवाने हळूच विचारलं.

"नावाबिगर म्हणता येत न्हाई," साखराबाई म्हणाली. "कोणाचं घेऊ?"

कोणी नाव सांगितलं नाही. कुणाच्या मुलीचं नाव सांगायचं? ज्या घरात मुलगी आहे त्या घराला उषाबाईसारखीच काळजी असणार. साखराबाईनं पाटाकडे पाहिलं. जिचं आता काही बिघडू शकत नव्हतं, असं एकच नाव तिच्याजवळ होतं. ती कोणाला विचारत बसली नाही.

पहिली हळद गं, लावा देवाच्या पायाला
मंग लावा बाई माझ्या आसराच्या गालाला.

दुसरी हळद गं, वाटी भरून सांडली
रायभान जावायाची वाट किती पाह्यली.

माणूस ज्यातून बघतो त्या माझ्या नळीच्या टोकाला एक रबराची वाटी आहे. मालकांचा डोळा तिला टेकलेला असतो. ती वाटी ओली झाली. त्यांचा खांदा हलायला लागला. खांदा हलला की माझं चित्र हलतं. लग्नात असं झालं की ते लगेच मला बंद करायचे, कारण हलणारं चित्र चालत नाही. त्या दिवशी त्यांनी बंद केलं नाही. डोळाही पुसला नाही. साखराबाई मामाचं नाव घेत गेली, आत्याचं घेत गेली, मेंढरांच्या मागं रानात असलेल्या चुलत्याचं घेतलं. आसराबाईच्या लग्नात तिनं जी नावं घेतली असतील तीच ती घेत होती. हळदीची वाटी तशीच भरलेली होती. तिनं तिला हात लावला नाही. गाणं संपेपर्यंत मी एकदाही थांबलो नाही.

गाणं संपल्यावर उषाबाई आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिनं आधी साखराबाईला दिला.

रामराव सरांनी कॅसेट पाहिली. "ह्यात कापायचं काय?" असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि काही कापलं नाही.

स्पर्धा जालन्याला होती. सर सांगत होते त्यावरून मला तिथलं कळलं. बाकीच्या सगळ्या फिल्मांत नाच होता. आमची लागल्यावर मुलांनी शिट्ट्या मारल्या, "नाच लावा" म्हणून ओरडले. थोड्या वेळानं ओरडणं थांबलं. नंतर परीक्षकांनी भिवाला विचारलं, "चित्र फार हलतंय. आणि पाट रिकामा का आहे? नवरी कुठं आहे?"

भिवाने उत्तरं पाठ केली होती. नाच का नाही, दुसऱ्याचे ओठ का नाहीत, सगळं. पण तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सर, ती वारली. आन् गाणं म्हणणारी तिची आई हाये. आन् कॅमेरा तिच्या नवऱ्याचा हाये."

बक्षीस मिळालं नाही.

त्या उन्हाळ्यात बेबीनंदाचं लग्न ठरलं. नवा कॅमेरा सांगितलेला असताना ती मुद्दाम दुकानात आली आणि मालकांना म्हणाली, "मामा, हळदीला तुमी आन् तुमचा जुनाच या." माझ्या चित्रात तेव्हा आडव्या रेघा येत होत्या. तरी मालकांनी मला पुसलं आणि नेलं.

तेच अंगण होतं, मोठा मांडव होता. साखराबाई बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसली होती. तिला कोणी आत बोलावलं नव्हतं आणि ती स्वतःहून आत आली नव्हती. बेबीनंदा पाटावरून सारखी तिकडं बघत होती. बायकांनी गाणं सुरू केलं आणि नवरदेवाच्या नावाशी अडल्या. त्याचं नाव पुंजाराम. ते कोणाला ओळीत बसवता येईना. एकीनं ओढून बसवलं तर सगळ्या हसल्या. झाडाकडं माना वळल्या. साखराबाईनं खालच्या आवाजात ओळ सांगितली, पण वाऱ्यानं ती नीट ऐकू आली नाही.

तेव्हा उषाबाई उठली. "इथं लई उकडून राह्यलंय," ती म्हणाली. तिनं मांडवातल्या सतरंजीचं एक टोक धरलं आणि जावेला दुसरं धरायला लावलं. "चला, तिकडं सावलीला बसू. पाटबी घ्या."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "आगं, मांडव इथं हाये की."

"मांडव कुठं जात न्हाई. पोरगी घामानं भिजून राह्यली," उषाबाई म्हणाली आणि चालू लागली.

सतरंजी लिंबाखाली अंथरली. पाट साखराबाईच्या समोर ठेवला. हळद सवाष्णींनीच लावली. साखराबाईला वाटी कोणी दिली नाही, तिनं मागितलीही नाही. पण पुंजारामाचं नाव तिनंच घेतलं, आणि ते असं बसलं की तो तिथं असता तर लाजला असता. बेबीनंदा हसली आणि मग तिचे डोळे भरले. मालकांनी मला त्या झाडाकडं फिरवलं आणि तिथंच ठेवलं. माझ्या काचेत साखराबाईचा चेहरा पूर्ण आला.

मिक्सिंगवाल्यानं मालकांना फोन केला. "रायभान भाऊ, हळदीवर गाणं टाकायचं तुमी सांगितलंच न्हाई."

"टाकू नका. गाणं हाये त्यात."

"रेघा बी लई हायेत."

"असू द्या."

ते माझं शेवटचं काम. त्यानंतर माझी कॅसेट ओढणारी चाकं झिजली आणि त्यांचा सुटा भाग कुठं मिळाला नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. साखराबाई अजून आहे. सीझनमध्ये तिला बोलावणं येतं. काही घरांत ती अजून बाहेरच बसते. काही घरांत तिला आत नेतात. बाहेर बसवणारेही आता नवरीचं नाव आधी तिच्याकडं पाठवतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटात जुन्या कॅसेटी असतील. त्यांना बुरशी लागते. त्या उन्हाच्या बाजूला ठेवू नका, आणि वर्षातून एकदा तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवा, म्हणजे फीत चिकटत नाही. त्यात तुम्हाला तुमच्या आत्या, मावश्या, आज्या हळदीत बसलेल्या दिसतील, आणि ऐकू सिनेमाचं गाणं येईल. कॅसेट तिथं थांबवा. त्यांच्यातली जी कोणी अजून आहे तिच्याकडं जा आणि तेव्हा ती काय म्हणत होती ते तिला विचारा. ती आधी, आता आठवत नाही, म्हणेल. तुम्ही उठू नका. थोडा वेळ तिच्याजवळ बसून राहा.